क्रूझ कंट्रोल, चार सारखी बटणे आणि ब्रेकलाइटचा एक बल्ब

गेल्या महिन्यात गाडीचा क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग टिकवणारे उपकरण) अचानक सेट होईनासा झाला आणि त्यावरून सर्व्हिस सेंटरशी जी हुज्जत घालावी लागली, तिच्यामुळेच हा अनुभव लिहायला घेतला आहे. एरवी बाहेरून बसवलेल्या एका उपकरणावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते.

माझी गाडी डिझेलची, पाच गिअरची आणि मधल्या मॉडेलची आहे. कंपनीने क्रूझ कंट्रोल फक्त सर्वांत वरच्या मॉडेलला दिला होता आणि त्याच्यासोबत सनरूफ, मोठी अलॉय व्हील्स व आणखी बरेच काही पदरात पडत होते. ज्या जळगावात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे छताला काच बसवून घेण्यासाठी लाखभर रुपये जास्त मोजावेत हे माझ्या बुद्धीला पटले नाही. म्हणून मधले मॉडेल घेतले आणि वॉरंटीची मूळ मुदत संपत आल्यावर नाशिकच्या एका ॲक्सेसरीवाल्याकडून दहा हजारांच्या आसपास खर्चून क्रूझ कंट्रोल बसवून घेतला.

बसवण्याचे काम वरवर सोपे दिसते. आताच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पाय किती दाबला आहे ते पेडलवरचा सेन्सर दोन वेगवेगळ्या व्होल्टेजच्या रूपाने ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळवतो. बाहेरचा मॉड्यूल पेडलच्या कपलरमध्ये मध्यस्थासारखा बसतो आणि वेग सेट केल्यावर पायाऐवजी स्वतःच ती व्होल्टेज पुरवतो. इथे एकही वायर कापावी लागत नाही, त्यामुळे दुकानदार ‘प्लग अँड प्ले’ म्हणून माल विकतो. खरे काम त्यापुढचे आहे: वेगाचा सिग्नल, ब्रेकची वायर आणि क्लचची वायर. आमचा फिटर क्लचची वायर जोडायला तयारच नव्हता, कारण ब्रेक दाबला की क्रूझ सुटतो, मग आणखी वायर कशाला, असे त्याचे म्हणणे होते. मॅन्युअल गाडीत हे चालत नाही. क्रूझ चालू असताना गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो, गाडी मंदावू लागते, आणि वेग कमी होतो आहे असे समजून मॉड्यूल आणखी ॲक्सिलरेटर देतो. इंजिन मोकळे ओरडत सुटते. त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसलो, क्लचच्या स्विचची वायर शोधायला लावली आणि सगळे जोड नुसते पिळून टेप न गुंडाळता सोल्डर करून त्यांवर स्लीव्ह चढवून घेतले. याचे दोनशे रुपये त्याने वेगळे लावले, जे मी कुरकुर न करता दिले.

पहिल्या काही महिन्यांतले माझे मत स्वच्छ होते: पैसे पाण्यात गेले. आमचे रोजचे जाणेयेणे जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे या पट्ट्यातले, म्हणजे जुन्या ६ क्रमांकाच्या आणि आताच्या ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावरचे. त्यातील फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण कित्येक वर्षे रेंगाळले. चौपदरी झालेल्या भागातही दुभाजकाच्या प्रत्येक फटीतून कोणी ना कोणी बाहेर येत असतो, उलट्या दिशेने मोटारसायकली येतात, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या दोन्ही लेनवर आपला वडिलोपार्जित हक्क सांगतात. रावेर-सावद्याकडून केळी भरून निघालेले ट्रक उजवी लेन सोडायचे नाव घेत नाहीत. अशा रस्त्यावर वेग सेट करावा आणि पुढच्या मिनिटाला ब्रेक मारून तो सोडवावा, याला आराम म्हणायचे असेल तर तो मला न लाभलेला बरा.

हे मत बदलले ते नागपूरच्या प्रवासात. अजिंठा-सिल्लोडमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठून समृद्धी महामार्गाला लागलो आणि या उपकरणाचा खरा उपयोग कुठे आहे ते लक्षात आले. तिथे मोटारींना १२० ची वेगमर्यादा आहे, परंतु मी ९५ वर सेट केले, कारण वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्याचे पैसे आपल्याच टाकीतून जातात. एरवी दोन तास गाडी चालवली की उजव्या पायाचा घोटा दुखू लागतो. त्या दिवशी नागपुरात उतरलो तेव्हा पायाची आठवणही झाली नव्हती. टाकी पूर्ण भरून काढलेला ॲव्हरेज एकवीसच्या आसपास असायचा, तो साडेबावीसला टेकला. हा फरक केवळ क्रूझचा आहे असा माझा दावा नाही, माझा पाय चुळबुळ करत नाही एवढाच त्याचा अर्थ. तरीही काटकसरी माणसाला दीड किलोमीटरचा आनंद असतोच. मात्र सरळ, रिकामा रस्ता आणि रिकामा पाय यांनी डोळ्यांवर झापड येते हेही तितकेच खरे आहे. या महामार्गावर रात्रीच्या वेळी क्रूझ लावणे मी बंद केले आहे. पाऊस सुरू झाला तरी लगेच सोडतो, कारण साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागले तर वेग टिकवण्याचा प्रयत्न करणारे यंत्र आपल्याला नको असते.

चढ-उताराविषयी थोडक्यात सांगतो. हा साधा क्रूझ कंट्रोल आहे; तो ॲक्सिलरेटर देतो आणि काढून घेतो, ब्रेक लावत नाही. लळिंगच्या उतारावर किंवा चांदवडजवळच्या राहुड घाटात गाडी सेट केलेल्या वेगाच्या पुढे जाते, आणि चढावर पाचव्या गिअरमध्ये दमते. घाट आला की तो सोडून द्यावा आणि गाडी स्वतः चालवावी.

आता मुख्य तक्रारीकडे येतो, आणि ती यंत्राविषयी नसून बटणांविषयी आहे. स्टिअरिंगवर बटणे बसवायची तर एअरबॅग काढावी लागते, आणि ते काम अनोळखी हातांत देण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, डॅशबोर्डच्या खालच्या कडेवर चिकटवायचा चार बटणांचा छोटा खोका घेतला. चालू-बंद, सेट, रिझ्यूम आणि वजा. चारही बटणे एकाच मापाची, एकाच उंचीची, सपाट, काळ्या रबराची; त्यांवरील अक्षरे पांढऱ्या शाईने छापलेली आणि मागे दिवा नाही. दिवसा ती वाचण्यासाठी मान वाकवावी लागते, रात्री ती नसल्यासारखीच असतात.

क्रूझ कंट्रोलची कल्पना ज्याने प्रत्यक्षात आणली तो अमेरिकी अभियंता राल्फ टीटर लहानपणीच, पाचव्या वर्षी, अंध झाला होता. त्याचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करायचा आणि ऐकू लागला की वाढवायचा, या हिसक्यांना वैतागून टीटरने हे उपकरण बनवायला घेतले असे सांगितले जाते (आमचे मेहुणे हुबेहूब असेच गाडी चालवतात). त्याला १९५० मध्ये पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत हे उपकरण ग्राहकांपर्यंत पोहोचले. ज्या वस्तूचा जन्म सगळे काही स्पर्शाने जाणणाऱ्या माणसाच्या हातून झाला, तिला बोटाने एकमेकांपासून ओळखता न येणारी बटणे देणाऱ्या कारखान्याचे काय करावे हे मला सुचत नाही. बटणावर एक टिंब उठवायला साच्यात किती खर्च वाढला असता?

ही नुसती नाजूक नाकाची तक्रार नाही. पारोळ्याच्या अलीकडे एकदा रात्री पुढे बिनदिव्याची ट्रॉली दिसली, वेग थोडा कमी करावा म्हणून वजा दाबायला गेलो आणि बोट पडले रिझ्यूमवर. आधीचा ठरवलेला वेग गाठण्यासाठी गाडीने पुढे झेप घेतली. ब्रेक दाबताच क्रूझ सुटला, अंतरही भरपूर होते, पण शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी त्यानंतर धुळे येईपर्यंत चकार शब्द काढला नाही. धुळ्यात चहाला थांबलो तेव्हा त्यांनी पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले आणि एक खड्याची टिकली सेटच्या बटणावर, तर दोन साध्या टिकल्या एकीवर एक अशा वजाच्या बटणावर चिकटवल्या. तेव्हापासून बोट चुकलेले नाही. इतका पैसा ओतून घेतलेल्या उपकरणाची ही उणीव टिकल्यांनी भागली, याचा आनंद मानावा की संताप करावा हे अजून ठरलेले नाही. त्यात मे महिन्यात बंद गाडीतल्या उन्हाने दुतर्फी टेपचा गोंद वितळला आणि खोका वायरीला लोंबकळू लागला. तो आता दोन छोट्या स्क्रूंनी कसून घेतला आहे. खानदेशात चिकटवलेल्या कोणत्याही वस्तूवर उन्हाळ्यापर्यंतच विश्वास ठेवावा.

राहिली ती हुज्जत. नेहमीच्या सर्व्हिसिंगहून गाडी परत आली आणि क्रूझ सेट होईना. सर्व्हिस सेंटरने दोष थेट बाहेरच्या फिटिंगवर ढकलला, स्कॅनिंगचे वेगळे पैसे घेतले, त्यात एकही फॉल्ट कोड निघाला नाही, तरी ‘किट काढून टाका, नाहीतर वाढीव वॉरंटी विसरा’ असे बजावले. नाशिकचा फिटर फोनवर ईसीयूला दोष देत राहिला. शेवटी धुळ्यातल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला लावली, टोक ब्रेकच्या वायरला टेकवले, लॅम्प पेटला नाही तसे मागे जाऊन टेललाइट उघडला आणि म्हणाले, “दोष गाडीना नही शे भाऊ, बल्बना शे.”

झाले होते ते असे. ब्रेकलाइटचा एक बल्ब उडाला होता म्हणून सर्व्हिस सेंटरने न विचारता दोन्हीकडे एलईडी बसवले होते आणि बिलात त्याचे चांगले पैसे लावले होते. ब्रेक दाबलेला नसताना ब्रेकच्या वायरला साध्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसशी जोडणी) मिळतो, आणि माझ्यासारखे काही मॉड्यूल तो मिळतो आहे की नाही हे सतत तपासतात. अर्थ मिळाला नाही तर वायर तुटली असे समजून ते क्रूझ लागू देत नाहीत, म्हणजे यंत्र आपल्या सुरक्षिततेचे काम चोख करत होते. एलईडीतून तसा अर्थ मिळत नाही. साधे २१ वॅटचे दोन बल्ब बसवताच क्रूझ पहिल्या झटक्यात लागला. बल्ब आणि मजुरी मिळून शंभराच्या दोन नोटाही मोडल्या नाहीत.

एलईडीची जोडी मी पाकिटात घालून सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर ठेवली आणि तिचे तसेच स्कॅनिंगचे पैसे लेखी मागितले. एलईडीची रक्कम पुढच्या बिलात वळती करू असे उत्तर मिळाले आहे. स्कॅनिंगविषयी ते काहीच बोलत नाहीत, म्हणून दुसरे पत्र पाठवले आहे. जॉबकार्डावर आता प्रत्येक वेळी ‘ब्रेकलाइटला साधाच बल्ब लावावा’ असे माझ्या हाताने लिहून, खाली सही घेऊनच किल्ली देतो.