फोर्स फीडबॅक योक : सात महिने, एक उन्हाळा आणि एक खोकं

परवा योकच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या हँडलच्या, सर्व्हिसवाल्यानं फोनवर विचारलं, "सर, तुमचं रूम टेंपरेचर किती असतं?" म्हटलं, "सोलापूर, मे महिना. तुम्हीच सांगा." तिथंच हे लिहायला बसलो.

योक दिवाळीत घेतला. फोर्स फीडबॅक म्हणजे आतली मोटार हाताला खऱ्या विमानासारखा जोर देते. किंमत लिहीत नाही, घरातले वाचतात. अक्कलकोट रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, यंत्रमागाच्या मोटारी भरतो. त्यामुळे आत काय चाललंय ते नुसत्या आवाजावरून कळतं.

एक्स-प्लेन १२ या विमान उडवायच्या सॉफ्टवेअरमधलं बॅरन ५८ हे दोन इंजिनांचं विमान उडवतो. जुन्या स्प्रिंगच्या योकवर ट्रिम, म्हणजे हातावरचा भार उतरवायचं चाक, फिरवला तरी हात स्प्रिंगशी कुस्ती खेळत बसायचा. इथं ट्रिमबरोबर योकचा मध्यच सरकतो, हात सोडला तरी नाक जागेवर. पहिल्या रात्री दोनपर्यंत होटगी रोडच्या विमानतळावर नुसती टेकऑफ-लँडिंग केली. तिथल्या साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, तरी नजर सवयीनं तिकडं जातेच.

मार्च लागला आणि रंग पालटला. डावं इंजिन बंद करून सराव चालला होता. बॅरनचे दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरतात, त्यामुळे डावं गेलं की विमान डावीकडे जास्तच ओढतं. उजवा पाय पेडलवर दाबा, उजवीकडे जरा कल द्या, वेग वेगमापकावरच्या निळ्या रेषेखाली (एका इंजिनावर सर्वांत चांगला चढायचा वेग) जाऊ देऊ नका. वीस मिनिटांत योकचा जोर गळाला, वायसर गेलेल्या हापशासारखा. कारण मला लगेच कळलं. एका इंजिनावर योक एका बाजूला धरून ठेवावा लागतो, म्हणजे मोटार फिरत नाही, जागच्या जागी करंट खाते आणि तापते. जाम झालेल्या मागाची मोटार अशीच जळून माझ्याकडं येते. हिनं निदान जळण्याआधी जोर कमी केला.

कंपनी म्हणते एसीत वापरा, नाहीतर मुंबईला पाठवा. मूळ खोक्यात, स्वखर्चानं. खोक्यात आईनं कुरडया भरल्यात. "ते खेळणं मोठं का कुरडया?" मी गप्प.

इथवर लिहून एकच तारा देणार होतो. काल रात्री लक्षात आलं, इंजिन गेल्यावर मी ट्रिम लावतच नव्हतो. खरे वैमानिक पंखा फेदर केला (बंद इंजिनाची पाती वाऱ्याच्या दिशेत वळवली), विमान सावरलं की रडर (पायानं चालणारी शेपटीची झडप) आणि एलेरॉन (योकनं चालणाऱ्या पंखांवरच्या झडपा) यांच्या ट्रिमनं भार उतरवतात. मी मर्दुमकी दाखवत धावपट्टीभोवतीची अख्खी फेरी हातानं ओढत होतो. ट्रिम लावून पन्नास मिनिटं उडवलं, मोटार कोमट, जोर शाबूत. म्हणजे अर्धी चूक माझी. अर्धीच! एवढ्या पैशात मोटार थंड ठेवायला आत एक पंखा बसवता आला नसता? शेवटी जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बाहेरून केबल टायनं बांधला. वॉरंटीच्या स्टिकरला हात लावला नाही.

आणि पेडल? इंजिन गेल्यावर खरा जोर पायाला लागतो. विमानाच्या प्रमाणपत्राच्या चाचणीत रडरच्या पेडलवर १५० पौंडांपर्यंत, म्हणजे ६८ किलो जोर चालतो. जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलं, असं ओळखायचं असतं. माझी पेडल साध्या स्प्रिंगची, पायाला काही पत्ताच लागत नाही. पण त्याचा विषय घरात काढायचा तर पुढची दिवाळी.

तीन तारे. तक्रार अजून बंद झालेली नाही. आज मेसेज आला, मूळ खोक्याचा फोटो पाठवा. पाठवला, कुरडयांसकट.