कॉमेडीसाठी घेतलेला बॉक्स आणि वर्षाचा पॅक : आठ-नऊ महिने वापरल्यावर

मागच्या आठवड्यात टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बंद पडला आणि त्यावरून वादही झाला, म्हणून हे आजच लिहायलोय. नाहीतर वर्ष पूर्ण होऊ देणार होतो. पॅकमध्ये कोणकोणती अ‍ॅप मिळतात, रिमोट कसा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरात हा बॉक्स फक्त कॉमेडीसाठी घेतला. रात्री दुकान बंद करून आलो की जेवताना एखादं स्किट आणि रविवारी जुन्या मालिकेचे दोन-चार भाग, एवढाच वापर.

आधी बिघाडाचं. आमच्याकडे लातुरात लाइट ये-जा करते, त्यात बॉक्सचा दिवा लागेना. कनेक्शनवाल्यांचा माणूस आला, बॉक्स उघडूनसुद्धा न बघता म्हणाला, "बॉक्स गेलाय, नवीन घ्या, अठराशे." अ‍ॅडॉप्टर वेगळा मिळत नाही म्हणे. मी अ‍ॅडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचलं : 12 व्होल्ट, 1 अँपिअर. गंजगोलाईच्या बाजारात तसाच, त्याच पिनचा 150 रुपयांत मिळाला. लावला आणि बॉक्स चालू. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेल्या गिऱ्हाइकाला दीडशेच्या वस्तूसाठी अठराशे सांगणं ही लबाडी आहे. सर्व्हिसला एकच तारा. तुमच्यावर ही वेळ आली तर व्होल्ट अगदी तेवढेच बघा, अँपिअर तेवढे किंवा थोडे जास्त चालतात, कमी घेऊ नका.

आता खरा विषय : हशा. बॉक्सचा नव्हे, कार्यक्रमांचा दोष आहे, पण रोज बघतो म्हणून रोज खुपतो.

सोनी मराठीवरचा स्किटांचा कार्यक्रम 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' 2018 मध्ये सुरू झाला तेव्हापासून मी बघतो. समीर चौघुले एखादं वाक्य टाकतो आणि नुसता समोर बघत उभा राहतो. डोळे स्थिर, ओठ किंचित उघडे, मान एका बाजूला. खरा विनोद त्या बघण्यात असतो, वाक्य फक्त निमित्त. आणि नेमका त्याच क्षणाला कॅमेरा परीक्षकांच्या सोफ्यावर जातो. प्रसाद ओक, सई ताम्हणकर हसताना दिसतात. हसू दे की, मनापासून हसतात ते. पण मला समीरचा चेहरा बघायचा असतो! कॅमेरा परत येतो तोवर तो पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. दहा सेकंद मागं जाऊनही उपयोग नाही, कारण तो चेहरा दाखवलेलाच नाही.

नाटकवाल्यांना हशा कसा सांभाळायचा ते पक्कं माहीत असतं. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ज्यांनी समोर बसून बघितलंय त्यांना आठवेल. एकटा माणूस, 52 पात्रं, आणि हशा ओसरेपर्यंत त्याच पात्राच्या अंगात तसाच उभा. पुढचं वाक्य कधी हशाखाली दबलं नाही. टीव्हीवर हे काम नटाच्या हातातून निघून एडिटरच्या हातात गेलंय.

बाहेरच्या देशांतही हे भांडण जुनं आहे. अमेरिकेत 1950 च्या दशकात चार्ली डग्लस या साउंड इंजिनिअरनं साठवलेले हशे बटण दाबून वाजवणारं यंत्रच तयार केलं. पुढं 'मॅश' या युद्धातल्या इस्पितळावरच्या मालिकेला चॅनलनं हशा लावायला लावला, पण ऑपरेशनच्या दृश्यांत तो घालू द्यायचा नाही यावर निर्माते अडून बसले. बीबीसीनं तर ती मालिका हशाशिवायच दाखवली. 'फ्रेंड्स' खऱ्या प्रेक्षकांसमोर व्हायची, लोक हसले नाहीत तर विनोद जागेवर बदलायचे. ते मला पटतं. तिथं हशा ही नटाची परीक्षा होती. आणि 'पंचायत' ही हिंदी वेबमालिका बघा, एकही हशा नाही, सचिवजी खुर्चीत गप्प बसले तरी आम्ही घरात हसतोच.

सुरुवातीला माझं मत होतं की स्किट एकदा बघून सोडून द्यायची गोष्ट आणि सिटकॉम, म्हणजे तीच माणसं भागामागून भाग येणारी विनोदी मालिका, पुन्हा पुन्हा बघायची. दहा-पंधरा मिनिटांत नवीन माणसं आणायची, बसवायची, हसवायचं, म्हणजे पाया घालायला वेळच नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त दिलीप प्रभावळकरांचे आबा काय म्हणणार हे आपल्याला आधी कळतं, तरी वाट बघतो. 'साराभाई वर्सेस साराभाई'त सासू माया सून मोनिषाला 'मिडल क्लास' म्हणणार हे माहीत असतं, म्हणूनच मजा. 2004 ला ती आली तेव्हा टीआरपी मिळाला नाही, लोकांनी डोक्यावर घेतलं ते पुन्हा दाखवल्यावर.

पण आता हे मत थोडं सरकलंय. समीर आणि विशाखा सुभेदारची जुनी स्किटं आम्ही परत लावली आणि ती सिटकॉमसारखीच टिकली. कारण ती जोडी इतक्या वेळा एकत्र आली की त्यांचा पायाही आपोआप घातला गेला होता. 'चला हवा येऊ द्या'त भाऊ कदम नुसता येऊन उभा राहिला तरी तेच व्हायचं. टिकतं ते माणसांमुळं. ज्या स्किटमध्ये फक्त विषय ताजा होता, ती सहा महिन्यांत शिळी झाली.

एक गोष्ट मात्र लागते मनाला. स्किटमध्ये मराठवाड्याचा माणूस आला की तो अर्धं कोल्हापुरी, अर्धं वऱ्हाडी बोलतो. वऱ्हाडीला भारत गणेशपुरेंसारखा तिथलाच माणूस मिळाला, म्हणून ती अस्सल वाटली. आमच्याकडं मकरंद अनासपुरे बीडचे, संदीप पाठक माजलगावचे. दोघांचं बोलणं ऐकून लिहिणाऱ्यांनी कान तयार करावेत, एवढंच मागणं.

बॉक्सचं कौतुकही करतो, कारण एक बटण खरंच आवडलं : दहा सेकंद मागं जाण्याचं. घरात सगळे मोठ्यानं हसतात, पुढचं वाक्य वाहून जातं. आईला ऐकू कमी येतं. ती लगेच म्हणते, "काय म्हणला रे? माघारी घे की." जुन्या केबलवर हे जमत नव्हतं. आणखी एक, टीव्हीचा आवाज 'न्यूज' मोडवर ठेवा. हशा थोडा मागं सरकतो, बोलणं पुढं येतं. मला हे फार उशिरा सापडलं, तुम्ही आजच करा.

पॅक परत भरणार का? वर्षाचा नाही. सोनी मराठीची बरीच स्किटं यूट्यूबवर फुकट बघायला मिळतात, तेवढ्यासाठी कुणी पैसे घालू नका. जुन्या मालिका सलग बघायच्या असतील तर एक महिन्याचा पॅक घ्या, पावसाळ्यात घ्या, आणि पहिल्याच दिवशी एक जादा अ‍ॅडॉप्टर आणून ठेवा.