साडेचार इथरचा आकडा

गेल्या आठवड्यात शिरपूरच्या एका मुलीने स्क्रीनशॉट पाठवला. "दादा, हे खरं असेल का? अठरा हजार भरायला सांगताहेत." इंग्रजीतलं पहिलंच वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. जून २०२३ मध्ये हेच वाक्य मला आलं होतं, तेव्हा कौतुक माझ्या कामाचं होतं एवढाच फरक. तिला फोनवर सगळं सांगितलं, पण तिच्यासारखे अजून किती असतील कोण जाणे. म्हणून लाज बाजूला ठेवून, डिजिटल चित्रं विकत घेतो म्हणणाऱ्याने मला कसं फसवलं ते लिहितोय.

मी अमळनेरचा. पोट एलईडी वॉलवर चालतं, म्हणजे समारंभात मागच्या मोठ्या पडद्यावर फिरणारी चित्रं बनवून. हळदीला मागे उडणाऱ्या पाकळ्या, वाढदिवसाला भाऊंच्या फोटोमागचा वाघ, सराफाच्या जाहिरातीत शून्यापासून पळत वर जाऊन थांबणारा सोन्याचा भाव, असलं सगळं. लग्नाच्या अख्ख्या सेटचे दीड हजार ठरतात आणि "भो, पेनड्राइव्हवरच तर द्यायचंय" म्हणत त्यातलेही दोनशे कापले जातात. रात्री मात्र ब्लेंडर हे अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडून स्वतःचं काम करतो. सुरुवात-शेवट कळू नये असे, पडद्यावर अखंड फिरत राहणारे लूप.

पहिला मनासारखा जमला तो कानबाईचा, आमच्या खान्देशातल्या देवीचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ती बसते. नारळाला डोळे, नाक, नथ आणि समोर दिवा. लूप बारा सेकंदांचा. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, एकूण ३६०. माझ्या लॅपटॉपवर एक फ्रेम तयार व्हायला, म्हणजे रेंडरला, पाच मिनिटं लागली, म्हणजे ३० तास, तेही मे महिन्यात, मध्येच लाईट जात असताना. दिव्याची ज्योत वाकते आणि नथीतला मोती तिच्यानंतर तीन फ्रेमनी उजळतो. बघणाऱ्याला कळणारही नाही, पण मला त्या तीन फ्रेमचा फार अभिमान होता. इन्स्टाग्रामवर टाकताना खाली तसं लिहिलंही होतं. हे लिहिल्याचं लक्षात ठेवा.

चार दिवसांनी एका परदेशी खात्यावरून मेसेज आला. मी संग्राहक आहे, फिरती डिजिटल चित्रं विकत घेतो, तुमचा मोती ज्योतीमागून उजळतो ती जागा पाहून थांबलो. झालं! घरच्यांनाही न दिसलेली जागा सातासमुद्रापलीकडच्या माणसाला दिसली होती. तीन लूप हवेत म्हणाला, एकेकाला दीड इथर. इथर म्हणजे इंटरनेटवरचं एक आभासी चलन, क्रिप्टो. तेव्हा एक इथर दीड लाखाच्या आसपास होता. तिन्हींचे मिळून पावणेसात लाख. कानबाईसोबत जिनिंगमध्ये उडणाऱ्या कापसाचा लूप ठरला आणि सारंगखेड्याच्या यात्रेतल्या नाचऱ्या घोड्याचा.

मी अगदीच अडाणी नव्हतो. मार्च २०२१ मध्ये बीपल या अमेरिकन चित्रकाराचं एनएफटी, म्हणजे मालकीची डिजिटल नोंद असलेलं चित्र, क्रिस्टीज या लिलावगृहात ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची चार पडद्यांची फिरती पेटी २ कोटी ८९ लाख डॉलरला गेली. ही बातमी आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचली होती. पुढच्या वर्षी तो बाजार आपटला हेही वाचलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात राहतं?

संग्राहकाने अट घातली की विक्री एका ठरावीक वेबसाइटवरूनच करायची. तिथे खातं उघडलं. चित्राची नोंद, म्हणजे मिंटिंग, करायला ०.१२ इथर 'गॅस फी', म्हणजे नोंदीचं शुल्क. अठरा हजार रुपये. क्रिप्टो विकणाऱ्या एक्स्चेंजवर इथर घेऊन मी त्यांनी दिलेल्या वॉलेटच्या (क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटाच्या) पत्त्यावर पाठवले. दुसऱ्या दिवशी कानबाई विकली गेली. माझ्या खात्यातला आकडा शून्यापासून पळत वर गेला आणि १.५ वर थांबला.

सराफाच्या जाहिरातीत मी जे करतो तेच. चार कीफ्रेम (हालचालीच्या खुणा) आणि शेवटी जरा हळू होणं. आकडा पडद्यावर नाचवायचे ज्याने पैसे घेतलेत, त्याला नाचत्या आकड्याने फसवलं. पैसे जमा झालेच नव्हते, पैशांचं चित्र जमा झालं होतं.

मग उरलेल्या दोन लूपचे ३६,००० भरले. तेही विकले गेले. आकडा ४.५ झाला. काढायला गेलो तर म्हणे आधी पाच टक्के कमिशन जमा करा. ३३,७५० भरले. त्यातून वजा का करत नाही, असं विचारलं तर सुरक्षेसाठी रक्कम गोठवलेली आहे, असं गोड उत्तर. आणि मग शेवटचा घाव: भारतीय कायद्यानुसार तीस टक्के कर, २,०२,५०० रुपये, भरल्यावर लगेच पैसे सुटतील.

हा कर खोटा नाही, आणि म्हणूनच मी गडबडलो. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलैपासून एक टक्का टीडीएसही. पण कर आयकर खात्याकडे जातो, आपल्या पॅनवर. चित्र विकणाऱ्या वेबसाइटच्या वॉलेटमध्ये तो आगाऊ भरायचा नसतो. खऱ्या कायद्याचा कागद दाखवून खोट्या दाराने पैसे मागितले होते.

दोन लाख माझ्याकडे नव्हते. त्या वर्षी खान्देशात अनेकांचा कापूस भाव वाढेल म्हणून घरातच पडून होता, आमचाही. तो विकून पैसे द्या, आठवड्यात परत करतो, असं आप्पांना, माझ्या वडिलांना, म्हणालो. खेडा खरेदीवाल्याचा काटा वजनात कसा मारतो हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, इथर म्हणजे काय तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "माल तुना, लेणार तो, आन पैसा तू दी राहिना? आसा कोनता यापार शे रे?"

मी चिडून उठलो. रात्री झोप लागेना तेव्हा, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते केलं. वेबसाइट स्वतःला २०१९ पासूनची म्हणवत होती. तिचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधी नोंदलं ते बघितलं, तर जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी. इथरस्कॅन या वेबसाइटवर इथरचे कोणाचेही व्यवहार कोणालाही फुकट बघता येतात. तिथे माझ्या चित्रांची कसलीही नोंद नव्हती. नोंद होती ती त्या पत्त्यावर पैसे पाठवणाऱ्यांची: ०.१२, ०.१२, ०.२४, पुन्हा ०.१२. प्रत्येक ओळ म्हणजे माझ्यासारखा कोणीतरी. आले त्याच दिवशी ते पैसे दुसऱ्या पत्त्यावर निघून गेले होते. पॉलिगॉनसारख्या ब्लॉकचेनवर, म्हणजे अशा नोंदी ठेवणाऱ्या दुसऱ्या जाळ्यावर, नोंदीचा खर्च फारतर रुपया-दोन रुपये असतो आणि पुष्कळ बाजारांत तर विक्री होईपर्यंत विकणाऱ्याला खर्चच येत नाही, हेही तेव्हाच वाचलं.

तिसऱ्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, जळगावला सायबर पोलिसांकडे जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. बँकेतून बँकेत गेलेले पैसे लगेच कळवलं तर कधीकधी अडवता येतात, वॉलेटमधून गेलेले इथर परत बोलावता येत नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. तीन दिवस लाजेत घालवायला नको होते. एकूण ८७,७५० गेले. सात हजारांचा भाव धरला तर साडेबारा क्विंटल कापूस. महिन्याभरात 'बुडालेलं क्रिप्टो परत मिळवून देणारा' एक तज्ज्ञही उगवला. त्याला माझ्या वॉलेटचे बारा शब्द, म्हणजे त्याची गुप्त किल्ली, हवे होते. त्याला ब्लॉक केलं, तेवढी अक्कल तोवर विकत घेऊन झाली होती.

पैशांचं दुःख वर्षभरात ओसरलं. एक गोष्ट मात्र अजून बोचते. शिरपूरच्या मुलीच्या मेसेजमध्येही तिने स्वतःच फोटोखाली लिहिलेली ओळ फिरवून तिला परत केली होती. माझ्या मोत्याचंही तेच झालं होतं. त्या संग्राहकाने काही बघितलंच नव्हतं, मी लिहिलेलं वाचलं होतं.

हे मला कळलं ते घोड्यामुळे. तक्रारीसाठी फायली गोळा करताना वेबसाइटवर चढवलेला तिसरा लूप पहिल्यांदा शेवटपर्यंत चालवला. रेंडर चालू असताना लाईट गेली होती आणि घाईत मी अर्धवटच फाइल पाठवली होती. २४९ पासून ३६० पर्यंतच्या ११२ फ्रेम काळ्या. घोडा पुढचे पाय उचलतो आणि पावणेचार सेकंद पडद्यावर ठार अंधार. विकताना त्याच्याखाली मी 'अखंड लूप' असं लिहिलं होतं. संग्राहकाचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे: तिन्हींत हा सर्वांत सुंदर, घोड्याची चाल कुठेही तुटत नाही.