‘अ शॉर्ट हाइक’: डोंगर पुन्हा पुन्हा चढल्यावर

जेमतेम दीड-दोन तासांत संपणारा गेम कुणी महिनोन्‌महिने कशाला खेळेल? मी खेळतेय, आणि तो अजून जुना झालेला नाही.

ॲडम रॉबिन्सन-यू या कॅनडातल्या डेव्हलपरने मोठ्या आरपीजीचं (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या लांबलचक गेमचं) काम बाजूला ठेवून तीन-चार महिन्यांत हा गेम उभा केला. हंबल या गेम विकणाऱ्या साइटच्या मासिक सबस्क्रिप्शनसाठी तो द्यायचा होता, त्यामुळे हातात वेळ थोडा. एप्रिल २०१९ मध्ये तो तिथे आला, जुलैत स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात. २०२० मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सर्वोच्च पारितोषिकही त्याला मिळालं.

गोष्ट एवढीशी. क्लेअर नावाची पक्षीण एका महत्त्वाच्या फोनची वाट बघतेय आणि रेंज मिळते ती फक्त हॉक पीक या डोंगराच्या माथ्यावर. सोनेरी पिसं जमवायची. जितकी पिसं जास्त, तितका चढताना दम टिकतो. शत्रू नाही, घड्याळ नाही, कड्यावरून पडलात तरी मरण नाही.

पहिल्यांदा खेळताना मासेमारी, शिंपले शोधणं, धावण्याची शर्यत हे सगळं मला नुसती गंमत वाटलं होतं. फोन कशाचा ते कळल्यावर (इथे मुळीच फोडणार नाही) पुन्हा खेळले, तेव्हा क्लेअरचं हे रेंगाळणं वेगळंच वाटलं. ती फोन टाळतेय का, हे गेम कुठेच बोलून दाखवत नाही. आपण स्वतःच्या हातांनी तिला रमतगमत नेतो, त्यामुळे ते आपल्यालाच जाणवतं. लेखन म्हणून मला ही या गेमची सगळ्यात मोठी कमाई वाटते. वेळ कमी असल्यावर संवाद वाढवून भावना ठासण्याचा मोह होतो. इथे चढणीलाच बोलू दिलंय. मार्क स्पार्लिंगचं संगीतही वर जाल तसं बदलत, भरत जातं.

खटकतं तेही सांगते. कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही, त्यामुळे कड्याच्या आडोशाला उडीचा अंदाज चुकतो. इतक्या महिन्यांनंतरही त्याची सवय झालेली नाही. काही पात्रांचे संवाद लवकर संपतात आणि मग तीच वाक्यं पुन्हा ऐकावी लागतात. मोठे पिक्सेल डोळ्यांना टोचत असतील तर सेटिंगमध्ये ते बारीक करता येतात, ते आधीच करून घ्या. नकाशा नाही, आणि तो नसावाच. वाट चुकल्यामुळेच मला निम्मी पात्रं भेटली.

कथेचे छोटे गेम करणाऱ्यांनी हा दोनदा खेळावा, मध्ये थोडे दिवस जाऊ देऊन.