सीएस-1 चे 16 आठवडे: धड्यांच्या क्रमाने, गुणांच्या भाराने, की प्रश्नपत्रिकेपासून?

सोलापुरात नोकरी किंवा बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष सांभाळून ॲक्च्युअरीच्या (विमा-पेन्शनमधली जोखीम मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षांतला सीएस-1, म्हणजे संख्याशास्त्राचा पेपर द्यायचा असेल, तर पुस्तक कोणतं यापेक्षा तास कसे वाटायचे हा प्रश्न मोठा आहे. हिशेबासाठी आठवड्याला 14 तास धरू: सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास, शनिवारी अडीच, रविवारी चार. 16 आठवड्यांचे 224 तास होतात. उन्हाळ्यातली परीक्षा द्यायची असेल तर जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळा झाला की मोजणी सुरू करा. ती मेच्या पहिल्या आठवड्यात संपते. मार्चनंतर दुपारी उकाड्यात डोकं चालत नाही, म्हणून रोजचा दीड तास पहाटेचाच ठेवा.

हे तास वाटायच्या तीन पद्धती प्रचलित आहेत.

धड्यांच्या क्रमाने

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. काही सुटत नाही आणि मनाला शांतता असते. पण सुरुवातीचे धडे, म्हणजे माहितीचं विश्लेषण आणि संभाव्यता वितरणं, कॉलेजात ओळखीचे झालेले असतात. ते समजतात म्हणून चवीने वाचले जातात आणि आठ-दहा आठवडे तिथेच जातात. रिग्रेशन (एका राशीवरून दुसरीचा अंदाज) आणि बेजियन (आधीचा अंदाज नव्या माहितीने सुधारणं) हे पुस्तकाच्या शेवटी येतात आणि दोन्ही मिळून पेपरचा जवळपास 45 टक्के भार उचलतात. अर्धा पेपर घाईच्या महिन्यात शिकायची वेळ येते ती अशी. संख्याशास्त्र बारावीनंतर सुटलं असेल आणि हातात सहा महिने असतील, तरच ही पद्धत घ्या.

गुणांच्या भाराने

अभ्यासक्रमाच्या पत्रकात प्रत्येक विभागाचा भार दिलेला असतो. ढोबळमानाने रिग्रेशन 30, अनुमानशास्त्र 25, वितरणं 20, बेजियन 15, माहितीचं विश्लेषण 10 टक्के. तुमच्या सत्राचं पत्रक काढून हे आकडे ताडून पाहा, कारण भार अधूनमधून बदलतो.

इथे एक चूक हमखास होते: भार जास्त म्हणून थेट रिग्रेशनपासून सुरुवात. जनरलाइज्ड लिनियर मॉडेल (रिग्रेशनचंच व्यापक रूप) समजायला एक्स्पोनेन्शियल फॅमिली (वितरणांचा एक गट) लागते, तिच्यासाठी वितरणं लागतात, आणि पॅरामीटर काढायला मॅक्सिमम लाइकलीहूड (हाती आलेली माहिती ज्याने सर्वात संभाव्य ठरते तो पॅरामीटर निवडायची रीत) हातात बसलेलं लागतं. म्हणून क्रम पुस्तकाचा घ्या आणि तास भाराप्रमाणे घ्या. शेवटचे चार आठवडे, म्हणजे 56 तास, जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी बाजूला काढले की 168 उरतात. त्यांची आमची वाटणी अशी: वितरणं 34, अनुमानशास्त्र 49, रिग्रेशन 50, बेजियन 25, माहितीचं विश्लेषण 10. माहितीच्या विश्लेषणातले सात तास मुद्दाम अनुमानशास्त्राकडे वळवले आहेत, कारण तिथला कच्चेपणा रिग्रेशनमध्येही गुण खातो. तास संपले की धडा अर्धवट असला तरी पुढे जा. हा नियम पाळणं सगळ्यात कठीण आहे आणि या पद्धतीचा सगळा फायदा त्यातच आहे.

बेजियनला भिऊ नका. गॅमा प्रायर (माहिती येण्याआधीचं वितरण) आणि पॉयसन माहिती असेल तर पोस्टीरियरही (माहिती आल्यानंतरचं वितरणही) गॅमाच येतो: अल्फामध्ये निरीक्षणांची बेरीज मिळवायची, लॅम्डामध्ये निरीक्षणांची संख्या. बीटा-बायनॉमियल आणि नॉर्मल-नॉर्मल याच घाटाचे. क्रेडिबिलिटीची (स्वतःच्या माहितीला किती वजन द्यायचं याची) सूत्रं परीक्षेच्या फॉर्म्युला-टेबल पुस्तकात छापलेली आहेत, ती पाठ करण्यात वेळ घालवू नका. कोणतं सूत्र कुठल्या पानावर आहे एवढं लक्षात ठेवा.

प्रश्नपत्रिकेपासून

पहिल्याच आठवड्यात जुना पेपर घ्यायचा, अडलं की पुस्तक उघडायचं. एम.एस्सी. संख्याशास्त्र झालेल्यांना किंवा थोडक्यात नापास झालेल्यांना याहून वेगवान पद्धत नाही. नवख्याने ती घेतली तर उत्तरपत्रिका वाचून 'समजलं' असं वाटतं, पण कोऱ्या कागदावर पहिली ओळ सुचत नाही. स्वतःला तपासायचं असेल तर एक पेपर वेळ लावून सोडवा. 40 च्या खाली गुण आले तर ही वाट सध्या तुमची नाही.

पेपर बी: तिन्ही पद्धतींत मागे पडणारा

अंतिम निकालात लेखी पेपर एचे 70 टक्के आणि संगणकावर आर (संख्याशास्त्राची संगणक-भाषा) वापरून सोडवायच्या पेपर बीचे 30 टक्के. एमध्ये 100 गुणांना सुमारे सव्वातीन तास, म्हणजे गुणामागे दोन मिनिटांहून थोडं कमी. बीमध्ये 100 गुणांना साधारण पावणेदोन तास, म्हणजे गुणामागे मिनिटभरच. तिथे कमांड शोधत बसायला वेळ नाही. तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक विभागाच्या तासांतला एक तृतीयांश आरला द्या.

बीमध्ये गुण जातात ते बहुधा याच ठिकाणी:

- प्रश्नात नॉर्मल (100, 25) असतं तेव्हा 25 हा व्हेरिअन्स. आरला प्रमाण विचलन लागतं, म्हणजे 5.
- आरमधला निगेटिव्ह बायनॉमियल अपयशं मोजतो. टेबल-पुस्तकातला पहिला प्रकार एकूण प्रयत्न मोजतो. दोन्हींची गल्लत झाली की सगळी उत्तरं सरकतात.
- पॉयसन मॉडेलवरून अंदाज काढताना 'रिस्पॉन्स' हा प्रकार सांगितला नाही, तर अपेक्षित संख्येऐवजी तिचा लॉग मिळतो. दाव्यांची संख्या ऋण आली की समजून जा.
- सिम्युलेशनच्या प्रश्नात दिलेला सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) टाकायचा राहिला, तर उत्तर तपासणाऱ्याच्या उत्तराशी जुळत नाही.
- नुसता आउटपुट चिकटवला आणि निष्कर्षाची ओळ लिहिली नाही, तर त्या ओळीचे गुण गेले.

एकाच सत्रात दुसरा पेपरही घ्यावा का?

सीएस-1 आणि सीएस-2 (याच मालिकेतला पुढचा पेपर) एकत्र घेऊ नका. दुसऱ्याचा पाया पहिल्यात आहे. सीएस-1 सोबत सीएम-1 (ॲक्च्युअरियल गणिताचा पेपर) चालतो, पण दोन्हींना मोठा लेखी भाग आणि वेगळा संगणकाचा भाग आहे, एकीकडे आर आणि दुसरीकडे एक्सेल. आठवड्याला 28 तास खरोखर मिळत असतील तरच हा विचार करा. नोकरी करणाऱ्याला दुसरा पेपर हवाच असेल तर सीबी-2, म्हणजे अर्थशास्त्र, जास्त जमतो: त्यात आकडेमोड कमी आहे, त्यामुळे गणिताने थकलेल्या संध्याकाळीही तो वाचता येतो. विद्यापीठाची परीक्षा उन्हाळ्यातच असेल तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एकच पेपर भरावा.

निवड अशी करा. नोकरी आणि आठवड्याला 14 तास: गुणांच्या भाराची पद्धत, एकच पेपर. दुसऱ्यांदा बसणारे: प्रश्नपत्रिकेपासून, पण कच्च्या दोन विभागांना भाराप्रमाणे तास ठरवून. मागच्या वेळी कमी पडलेले गुण एमध्ये होते की बीमध्ये हे आधी पाहा. बीमध्ये असतील तर पहिले तीन आठवडे फक्त आर. अर्ज भरताना केंद्राचा पर्यायही पाहा. पुण्यात केंद्र मिळालं तर आदल्या दिवशीच पोचा. अडीचशे किलोमीटरचा पहाटेचा प्रवास करून सव्वातीन तासांच्या पेपरला बसू नका.