‘अधीकृत’ सेवा केंद्र आणि माझे २९,५०० रुपये

४ नोव्हेंबर ते १४ नोव्हेंबर २०२५ या अकरा दिवसांत मी एका अनोळखी माणसाला चार हप्त्यांत एकूण २९,५०० रुपये स्वतःच्या हाताने पाठवले. कोणी माझा पासवर्ड चोरला नाही, कोणी ओटीपी मागितला नाही, कोणी मला धाक घातला नाही. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका वाड्याच्या तळमजल्यावर मी एकतीस वर्षे अक्षरजुळणीचा व्यवसाय करतो आणि लोकांच्या चुका शोधण्याचे पैसे घेतो, त्यामुळे हे लिहिताना मला किती लाज वाटते आहे ते पेठेतल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तरीही लिहितो, कारण माझ्यासारखी मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरची जुनी पॅकेजे आणि ती उघडणारी यूएसबीची कुलपे जपून ठेवणारे पुण्यात बरेच जण आहेत आणि त्यांतले पुष्कळ जण सध्या त्याच कड्यावर उभे आहेत.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या सुमारास दिवाळी अंकांची कामे चालू असल्यामुळे मी संगणकाला हात लावला नाही, आणि ते शहाणपण मी तसेच पुढे चालू ठेवायला हवे होते. मुदतवाढीची नोंदणी केली असती तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहिल्या असत्या, ही गोष्ट मला नंतर कळली. पण पडद्यावर रोज येणाऱ्या सूचनेला कंटाळून, तुळशीचे लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी ३ नोव्हेंबरला, मी विंडोज ११ घेतले. लग्नपत्रिकांचा हंगाम तोंडावर असताना असला उद्योग करू नये, हे पहिले सांगणे.

संध्याकाळी संगणक सुरू झाला तेव्हा सगळे होते, फक्त मराठी नव्हते. २००९ साली रोख पैसे मोजून घेतलेले माझे पॅकेज ‘लॉक सापडत नाही’ असे म्हणून बंद पडत होते, आणि या यंत्रावर ड्रायव्हर, म्हणजे जोडलेले उपकरण विंडोजला ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, लोड होऊ शकत नाही अशा अर्थाची एक इंग्रजी चौकट मधूनमधून येत होती. हे कुलूप पेनड्राइव्हसारखे दिसते, ते लावल्याशिवाय पॅकेज उघडत नाही, आणि पॅकेज उघडल्याशिवाय त्याचे फाँट हजर होत नाहीत. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटची रचना अशी की अक्षर दिसायला देवनागरी असते, पण पोटात रोमन चिन्हे असतात. फाँट गेला की पोटातले बाहेर येते. सोळा वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, अहवाल, दोन कवितासंग्रह आणि एका ज्ञातिसंस्थेची अख्खी वंशावळ, सगळे कंसांचा आणि उद्गारचिन्हांचा कचरा होऊन माझ्यासमोर पसरले होते. कंपॅटिबिलिटी मोड लावून पाहिला. त्याने पॅकेजच्या फाइलची समजूत निघते, ड्रायव्हरची निघत नाही.

माझ्या बाजूने एवढे सांगतो की त्या दिवशी माझ्याकडे तीन लग्नपत्रिका अडकल्या होत्या आणि त्यांतल्या एका वधूपित्याचा सकाळ-संध्याकाळ फोन येत होता. ज्याच्याकडून पॅकेज घेतले तो विक्रेता सात-आठ वर्षांपूर्वीच व्यवसाय बंद करून गेला. म्हणून ४ तारखेला मी पॅकेजचे नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असे शब्द टाकून शोधले आणि सगळ्यांत वर आलेल्या क्रमांकावर फोन लावला. त्या ओळीवर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते. सहा पॉइंटमधल्या तळटिपा तपासणाऱ्या माझ्या डोळ्यांनी तेवढे एक वाचले नाही.

पलीकडचा मुलगा उत्तम मराठी बोलत होता. “काका, घाबरू नका, तुमचं लायसन्स जुन्या सिस्टिमला बांधलेलं आहे, ते नव्या सिस्टिमवर मायग्रेट करावं लागेल,” असे त्याने इतक्या धीराने सांगितले की मला बरे वाटले. ऑफिस बाणेरला आहे म्हणाला. नोंदणी शुल्क १,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये, मी लगेच पाठवले. त्यानंतर स्क्रीन शेअर करण्याचे अ‍ॅप घ्यायला लावून त्याने माझा संगणक पाऊण तास न्याहाळला. हा प्रकार पुढे कसा जातो हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते, फक्त ते दुसऱ्यांच्या बाबतीत ठाऊक होते.

आता ती गोष्ट सांगतो, जी आठवली की मला अजून रात्री जाग येते. नोंदणीची पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली. तिच्यावर ‘अधीकृत सेवा केंद्र’ असे छापले होते, ‘धि’ दीर्घ. मी काय केले असेल? मी त्याला उलट संदेश पाठवला की ‘अधिकृत’ या शब्दात ‘धि’ ऱ्हस्व असतो, आपल्यासारख्या मराठी सॉफ्टवेअरच्या सेवेत तरी ही चूक नसावी. त्याचे उत्तर आले, “धन्यवाद काका, लगेच सुधारतो,” आणि दहा मिनिटांत शुद्ध पावती आली. तेवढ्यावर माझा विश्वास पक्का झाला! मराठी सॉफ्टवेअरची अधिकृत संस्था स्वतःच्या पावतीवर ‘अधिकृत’ चुकवते, आणि एका ग्राहकाच्या सांगण्यावरून दहा मिनिटांत पावती बदलून देते, याचा अर्थ पावत्या कोणीतरी मोबाइलवर बसून तयार करतो आहे, हे शाळकरी मुलालाही कळले असते. मी मात्र मुद्रितशोधन करून ठगाचे कागद नीट करून दिले.

त्याच पावतीवर आणखी दोन गोष्टी होत्या. जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०६ ने होती, म्हणजे हरियाणा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. आणि कर मात्र केंद्र ९ टक्के आणि राज्य ९ टक्के असा विभागलेला होता, जो राज्याच्या आतल्या व्यवहारात विभागतात. हरियाणातल्या माणसाने पुण्याच्या गिऱ्हाइकाला बिल लावले तर तिथे आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा एकत्र कर, यायला हवा. माझे विवरणपत्र मी दर तिमाहीला स्वतः भरतो. पावती हाती आली की पहिले दोन आकडे बघा, एवढा एक उपाय लाखाचा आहे.

६ नोव्हेंबरला ‘लायसन्स मायग्रेशन’ म्हणून ८,८५० रुपये गेले. त्या दिवशी त्याने स्क्रीनवर आणखी एक काम केले, ज्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. सी ड्राइव्हवर जागा कमी आहे, ती मोकळी करावी लागेल असे सांगून त्याने डिस्क क्लीनअप उघडले, ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ या ओळीपुढे खूण केली आणि मलाच ‘ओके’ दाबायला लावले. ही जुनी विंडोज होती. चढवणी, म्हणजे अपग्रेड, केल्यावर दहा दिवसांपर्यंत सेटिंगमधल्या रिकव्हरीत जाऊन ‘गो बॅक’ दाबले की संगणक आपल्या जुन्या विंडोजवर परत जातो, एक पैसा न देता. म्हणजे १३ तारखेपर्यंत परतीची वाट माझ्याच यंत्रात, माझ्याच मालकीची, पडून होती, आणि ती मी माझ्याच बोटाने पुसली. हे त्याने जागेसाठी केले असे मी मानत नाही. मी परत गेलो असतो तर त्याचे पुढचे दोन हप्ते बुडाले असते.

१० नोव्हेंबरला १४,७५० रुपये, ‘कुलूप पुनर्नोंदणीची परतावायोग्य अनामत’. म्हणजे १२,५०० रुपये अनामत आणि वर २,२५० रुपये जीएसटी. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागत नाही. हे मी स्वतः दोन प्रकाशकांना समजावून सांगितलेले आहे. सौ. म्हणाली, “अनामत आहे तर पावतीवर परत देण्याची तारीख का नाही?” मी तिला सांगितले की या तांत्रिक गोष्टी आहेत. १४ तारखेला प्रमाणपत्रासाठी म्हणून ४,७२० रुपये पाठवले आणि १५ तारखेपासून तो फोन बंद आहे.

माझी बाजू एवढीच की १०,०३० रुपये गेल्यावर माणूस ते वाचवायला आणखी पैसे घालतो. रमी खेळणारेही असेच म्हणतात, हे मला कळते.

१९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक मला पाठ होता. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवायचे तर पहिले काही तासच कामाचे असतात, हेही वाचलेले होते. मी शनिवार-रविवार लाजेत घालवले आणि सोमवारी १७ तारखेला फोन केला. लाज नंतर वाटू द्या, आधी फोन करा.

त्यानंतर सरकारी प्रदक्षिणा सुरू झाली. एका पोलीस चौकीत मला सांगण्यात आले की तक्रार ठाण्यात द्या. ठाण्यात सांगितले की हे सायबरचे आहे. आणि दोन्ही ठिकाणी मराठीत टंकलिखित अर्ज मागितला. माझे मराठी तर कुलपात अडकलेले! एकतीस वर्षे लोकांचे अर्ज जुळवून देणारा मी कोर्टाजवळच्या एका टायपिंगवाल्यापुढे स्टुलावर बसलो, पानाला ४० रुपये दिले आणि अर्जात त्याने केलेल्या अकरा चुका पेनाने दुरुस्त केल्या. तो अर्ज वाचून साहेबांनी विचारले, “सॉफ्टवेअर चोरीला गेलंय का?” नाही म्हणालो. “मग पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” हो म्हणालो. “मग?” या ‘मग’ला मी आजवर उत्तर शोधतो आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात फसवणुकीची व्याख्याच अशी आहे की माणूस फसून स्वतःच्या हाताने मालमत्ता देतो. स्वतः दिले म्हणून फसवणूक नाही असे असते तर ते जुने ४२० कलम जन्मालाच आले नसते. मी हे नम्रपणे बोलून दाखवले तेव्हा मला २००९ च्या मूळ बिलाची प्रत आणायला सांगण्यात आले. ती आणली. मग तिच्यावर स्वयंसाक्षांकन हवे होते. ते केले. मग साहेब बंदोबस्ताला गेलेले होते.

बँकेने निदान वेळ घालवला नाही. व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केलेला असल्याने बँकेचे दायित्व नाही, असे शाखेतल्या बाईंनी तीन मिनिटांत सांगितले आणि चौथ्या मिनिटाला मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे, कृपया सेवेला गुण द्या.

पॅकेज शेवटी चालू झाले, तेही सांगायला हवे. शनिवार पेठेत एक बाई माझ्याच पॅकेजवर काम करतात, आणि वीस वर्षे आमची गिऱ्हाइकांवरून चढाओढ आहे, म्हणून मी त्यांना विचारले नव्हते. वधूपिता माझ्याकडचा मजकूर उचलून त्यांच्याकडे गेला तेव्हा नाइलाजाने फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो, माझंही ऑगस्टमध्ये असंच झालं. पॅकेजला काही झालेलं नाही, त्या कुलपाचा ड्रायव्हर जुना असतो, तो नवीन विंडोज अडवते. कुलपावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या साइटवरून नवा घ्या, कुलूप काढून ठेवून बसवा, मग लावा.” पंचवीस मिनिटे लागली, खर्च शून्य. कुलूप बनवणारी कंपनी वेगळी आणि पॅकेजची कंपनी वेगळी, हे सोळा वर्षे ते कुलूप रोज हाताळूनही माझ्या लक्षात आले नव्हते. आता मी रोज रात्री दहा-दहा फाइली युनिकोडमध्ये नेतो आहे. रफार आणि जोडाक्षरे हाताने दुरुस्त करावी लागतात, पण पुढच्या चढवणीला मी कोणाच्या दारात बसणार नाही.

पैसे आलेले नाहीत. परवा मी तेच शब्द टाकून पुन्हा शोधून पाहिले. जाहिरात तिथेच वर आहे, फोन नंबर तेवढा बदललेला आहे, आणि तिच्यातला ‘अधिकृत’ आता शुद्ध आहे.