पावसाळी गोव्यात इलफोर्ड एचपी५ प्लस: रोल चोख, तक्ता मात्र वीस अंशांचा

खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावर ओली, काळीठिक्कर म्हैस, तिच्या पाठीवर बगळा आणि मागे घोंगडीतला गुराखी. कृष्णधवल फिल्मच्या रोलची याहून कडक परीक्षा नाही. १९८९ पासून मिळणारा ४०० आयएसओचा (उजेडाला तेवढा संवेदनशील) इलफोर्डचा एचपी५ प्लस तीत उत्तीर्ण होतो. गोंधळ पुढे होतो, तो न्हाणीघरात रोल डेव्हलप करताना, कारण वेळेचा तक्ता २० अंश सेल्सिअस पाण्याचा असतो.

आधी मोजमाप. उजेड मोजणारा मीटर जे दिसेल ते मधले करडे मानतो. पूर्ण चौकटीवर विसंबलात तर आभाळ उजळ असल्याने म्हैस नुसता काळा डाग होते. म्हशीच्या अंगावरच मोजा आणि त्यातून दोन स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). कातडीवरच्या सुरकुत्या आणि चिखल शाबूत राहतात. बगळा चार-साडेचार स्टॉप वर जातो, तरी निगेटिव्हमध्ये त्याची पिसे टिकतात. या रोलची खरी ताकद हीच. (विणीच्या दिवसांत गायबगळ्याची मान नारिंगी होते, ती इथे फिकट करडी उतरते. रंग गेल्याचे दुःख तेवढ्यापुरतेच.)

उणीव अशी की ढगाळ उजेडात ४०० वर काढलेले फोटो मिळमिळीत येतात. म्हणून जून ते सप्टेंबर हा रोल ८०० वर वापरावा, म्हणजे मीटरवर आयएसओ ८०० लावून फोटो काढावेत आणि नंतर जास्त वेळ डेव्हलप करावे. जादा डेव्हलपिंगने कॉन्ट्रास्ट चढतो आणि शटरलाही एक स्टॉप मिळतो. मोले किंवा खोतीगाव अभयारण्याच्या झाडीत २०० मिलिमीटरची लेन्स एफ ४ वर उघडली तर अंधाऱ्या दिवशी ४०० ला जेमतेम १/६० मिळते. वानर काय, माणूसही तेवढा वेळ स्थिर राहत नाही. तिथे १६०० आणि १/२५० शिवाय इलाज नाही. दाणा (फोटोतले बारीक ठिपके) जाड होतो, पण विषयाला तो शोभतो. ३२०० मात्र टाळाच, सावल्यांत काही उरत नाही.

फिल्टर पावसात डब्यातच राहू द्या. ऑक्टोबरात ऊन पडल्यावर नारिंगी लावा: जांभ्याची लाल माती आणि माणसांची त्वचा उजळते, हिरवळ गडद होते. त्यासाठी दीड ते दोन स्टॉप उजेड गमवावा लागतो.

आता डेव्हलपिंग. आयडी-११ हा इलफोर्डचा डेव्हलपर न पातळ करता ४०० साठी साडेसात मिनिटे, ८०० साठी साडेदहा, १६०० साठी चौदा. हे सगळे २० अंशांचे हिशेब. इथे नळाचे पाणी बऱ्याचदा २८ च्या आसपास असते आणि दमट हवेत माठही फारसा गार होत नाही. डेव्हलपर बर्फाने २० वर आणून धुताना २८ चे पाणी ओतले की आठ अंशांची उडी बसते; फरक पाच अंशांच्या आतच हवा, नाहीतर दाणा खरबरीत होतो. म्हणून सगळेच २४ वर करा. बादलीत पाणी, त्यात पिशवीतला बर्फ, बादलीतच बाटल्या. वेळ सुमारे तीस टक्क्यांनी घटते, म्हणजे ८०० साठी सव्वासात मिनिटे. ४०० ची सव्वापाचवर येते. पाच मिनिटांखाली गेलात तर डेव्हलपिंग असमान होऊन आभाळात पट्टे दिसतात, त्यामुळे ४०० साठी एकास एक पातळ करून तेरा मिनिटांचे नऊ करणे बरे. टाकी पहिल्या दहा सेकंदांत चारदा उलटवा, पुढे दर मिनिटाला तसेच.

आयडी-११ चे पाकीट फोडले की पूर्ण कालवा, आधी अ, मग ब. अर्धे ठेवलेले चूर्ण दमटपणात गोळा होते आणि प्रमाण बिघडते.

रोल वाळायला रात्र लागते. पंखा लावू नका, धूळ बसते. सुकलेल्या निगेटिव्ह सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, नाहीतर बुरशी ठरलेली. फ्रीजमधला रोल डबी न उघडता तास-दोन तास बाहेर ठेवूनच भरावा, कारण थंड फिल्मवर दव धरते.

विमानाने येता-जाताना रोल चेक-इन सामानात कधीच टाकू नका. दाबोळी असो वा मोपा, गोव्याच्या विमानतळावर एक्स-रेऐवजी हाताने तपासायला सांगा; १६०० वर काढलेल्यांसाठी तर आग्रहच धरा.